प्रतापगडच्या पायथ्यापासून कुटपर्यंत

महाबळेश्वरला येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी वेण्णा लेक, मक्याचं कणीस, स्ट्रॉबेरी आणि जमतील तेवढे पॉइंट. दुसऱ्या दिवशी प्रतापगड. आम्ही तिकडचेच, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन गड किती वेळा चढलो याची मोजदाद नाही. तिथले गाईड १० नोव्हेंबर १६५९ ची गोष्ट अशी काही रंगवून सांगतात की दहाव्यांदा ऐकतानाही अंगावर काटा येतो. तो शामियाना, ती मिठी, वाघनखं, गडावरून झालेला तोफेचा इशारा आणि जावळीच्या रानात दबा धरून बसलेले मावळे... ऐकणारं प्रत्येक पोरगं खाली उतरताना लाकडी तलवार घ्यायचा हट्ट धरतंच.

पण आज लिहायचंय ते त्या लढाईबद्दल नाही. तिचीच गोष्ट ऐकत लहानाची मोठी झालेली आपल्या भागातली पोरं पुढे अडीचशे वर्षांनी एका अगदी निराळ्या लढाईवर गेली. युद्ध म्हणजे काय, हे त्यांना तिथे नव्याने कळलं. त्यांना काय कळलं हे मात्र आपल्यापर्यंत फारसं पोचलंच नाही. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा!

तर मंडळी, गोष्ट पहिल्या महायुद्धाची. त्या युद्धात मराठ्यांच्या ज्या पलटणी गेल्या, त्यातल्या बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी ज्या डिव्हिजनमध्ये होत्या तिचं नावच मुळी 'सहावी पूना डिव्हिजन'. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी हे या पलटणींच्या भरतीचे हक्काचे जिल्हे. का गेली असतील ही पोरं? माण-खटावात पाऊस नाही. जावळीत पाऊस उदंड, पण जमीन म्हणजे उतारावरचे नाचणी-वरीचे तुकडे. शिपायाला १९१४ साली महिना ११ रुपये पगार होता. घरी मनीऑर्डर यायची, पुढे पेन्शन मिळायची, गावात मान मिळायचा. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव तर आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. परत न येण्यासाठी गेले.

जाताना त्यांच्या मनात लढाईचं कोणतं चित्र असेल? मला वाटतं, आपल्या मनात असतं तेच. पोवाड्यातलं. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा मराठीतला सगळ्यात जुना उपलब्ध पोवाडा मानतात. जत्रेत, गोंधळात, चावडीपुढे हेच ऐकायला मिळायचं. पोवाड्यातल्या लढाईला एक आकार असतो. शत्रूला नाव असतं, चेहरा असतो. तो आपल्या मुलखात चालून आलेला असतो, त्यामुळे लढायचं कशासाठी हा प्रश्न पडत नाही. डोंगर आपल्या बाजूने असतो. आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागतो.

आता हे चित्र मनात घेऊन मेसोपोटेमियात उतरायचं. नोव्हेंबर १९१४ मध्ये शत-अल-अरबच्या मुखाशी फाओला फौज उतरली, त्यात ११७ वी मराठा पलटण होती. सगळा मुलूख सपाट. सह्याद्रीच्या माणसाला आधी बोचलं असेल ते हेच, की पाठ टेकायला टेकाड नाही. खालच्या इराकात मैलोन् मैल दगड म्हणून सापडत नाही, नुसता गाळ. पाऊस आला की गुडघाभर चिखल, आणि उन्हाळ्यात अशी काहिली की समोर मृगजळ नाचतं. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली तेव्हा या मृगजळापायी समोर माणसं आहेत की झुडपं, किती लांब आहेत, हेच नीट कळत नव्हतं. तोफा डागणाऱ्यांची पंचाईत झाली होती. ज्याच्यावर गोळी झाडायची तो दिसत नाही आणि जो आपल्यावर झाडतोय तोही दिसत नाही. गनिमी काव्याने लपायचं तर लपायला काही नाही. फक्त खणायचं. माती खणायची आणि तिच्यात बसायचं.

तरी पहिलं वर्ष विजयाचं होतं. बसरा, कुर्ना, अमारा, मग सप्टेंबरअखेर कुट. तैग्रिस नदीच्या काठाने फौज वर सरकत होती आणि आता बगदाद, असं सगळे म्हणत होते. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला गाठ पडली. या एका लढाईत जनरल टाउनशेंडच्या फौजेतले साडेचार हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. लढणाऱ्यांपैकी निम्मे म्हणा ना!

खरी कहाणी त्यानंतरची. जखमींना न्यायला पुरेशी साधनं नव्हती. खेचरांच्या बिनस्प्रिंगच्या सामानवाहू गाड्या होत्या, त्यांतच मोडलेले हातपाय घेऊन माणसं घातली. त्या खडबडीत जमिनीवरून मैलच्या मैल. पुढे बोटींच्या डेकवर दाटीवाटीने, ना औषध ना आडोसा, असे दिवसच्या दिवस ते बसऱ्याकडे चालले होते. विलायतेत याचा इतका गवगवा झाला की चौकशी आयोग बसला आणि १९१७ मध्ये त्याचा अहवाल आल्यावर भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. पोवाड्यात तलवारीचा वार असतो, पण जखमी माणसाला न्यायची गाडी कधी नसते. इथे शिपायाला कळलं की तो जगणार की मरणार हे त्याच्या मनगटावर कमी आणि कुठल्यातरी ऑफिसात बसलेल्या माणसाने गाड्या-बोटी मागवल्या की नाही यावर जास्त अवलंबून आहे.

टेसिफोनहून माघार घेत फौज ३ डिसेंबरला कुटला पोचली आणि चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला. कुट हे गाव तैग्रिसच्या वळणात आहे, तीन बाजूंना पाणी. कृष्णाकाठच्या माणसाला नदीचं वळण काही नवीन नाही. पण महाबळेश्वरला गोमुखातून निघणारी कृष्णा म्हणजे आई, आणि या नदीवर पाणी भरायला गेलं की पलीकडून गोळी यायची. २४ डिसेंबरला तुर्कांनी कोपऱ्यातल्या मातीच्या किल्ल्यावर जोराचा हल्ला केला. तो किल्ला राखणाऱ्यांत १०३ वी मराठा पलटण होती. हातघाईची लढाई झाली, किल्ला राखला. गड राखण्याचा म्हणावा असा हा एवढाच प्रसंग. त्यानंतर चार महिने नुसतं बसून राहणं आणि भूक.

या भुकेची एक बाजू आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. जानेवारीनंतर धान्य संपत आलं आणि घोडे-खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. आपल्या लोकांनी नकार दिला. कारण अगदी साधं होतं. गावात कळलं तर वाळीत टाकतील, घरातल्या पोरीबाळींची लग्नं व्हायची नाहीत. मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून 'खायला हरकत नाही' असे निरोप मागवून बिनतारी यंत्राने कुटला कळवले गेले. तरी बरेच जण अडून बसले. माळावरचा कसलातरी पाला उपटून त्याची भाजी करायची आणि पीठ असेल तेवढ्यावर भागवायचं. अखेरीस रोजचं पीठ पाच औंसांच्या आसपास आलं होतं, म्हणजे दीडशे ग्रॅमहूनही कमी. हिरड्या सुजून दात हलायला लागले, स्कर्व्हीने शेकडो माणसं आडवी झाली. शेवटी एप्रिलमध्ये बहुतेकांनी ते मांस खाल्लं.

मी या प्रसंगाशी फार वेळ अडतो. तोफेसमोर उभं राहायला धैर्य लागतं हे आपण जाणतो. पण हजारो मैलांवर, उद्या जगू की नाही याची खात्री नसताना, आपल्या ताटात काय आहे हे गावाला कळेल का, या विचाराने उपाशी राहणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा डोळ्यांसमोर आणून बघा. आणि मग एके दिवशी तो घास घेणारा तोच पोरगा. त्या घासाबरोबर त्याच्या मनात काय काय बदललं असेल? सरकार, धर्म, गाव, मर्दपणा, सगळ्याबद्दलच! माझ्या लेखी कुटमधली सगळ्यात मोठी लढाई ती होती, आणि तिच्यावर एकही पोवाडा नाही.

२९ एप्रिल १९१६ ला कुट पडलं. जवळजवळ तेरा हजार माणसं कैद झाली, त्यातली बहुसंख्य हिंदी. जनरल टाउनशेंड साहेबांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर इतमामाने ठेवलं. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐनसारख्या ठिकाणी रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यातले हजारो परत आलेच नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या पोरांनी स्वतः काय म्हटलं?

गंमत अशी (गंमत तरी कसं म्हणायचं...), की फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांनी काय म्हटलं हे आपल्याला बरंच माहीत आहे. कारण सरकारला त्यांचा संशय होता! १९१४ च्या अखेरीस त्यांची पत्रं तपासायला सेन्सॉरचं ऑफिस उघडलं. आठवड्याला दहा-वीस हजार पत्रं तिथून जात आणि निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडत. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. बहुतेक पत्रं पंजाब, सरहद्द, गढवालकडच्या शिपायांची. मराठे फ्रान्सला कमी होते. होते ते मुख्यतः खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, शिखांच्या आणि मुसलमानांच्या जोडीने. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यू शापेल गावात या सॅपर्सच्या दोन कंपन्यांना, खंदक-पुलांची कामं करणाऱ्या माणसांना, पायदळासारखं घरोघर लढायला घातलं आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले.

ती पत्रं क्रमाने वाचली की माणूस बदलताना दिसतो. सुरुवातीला नवल आणि अभिमान. केवढी शहरं, केवढ्या गाई, आणि बादशहाच्या मिठाला जागण्याची भाषा. १९१५ उजाडतं तशी भाषा पालटते. माणसं दाण्यासारखी भरडली जातायत, हे जगबुडीसारखं काहीतरी आहे, असं लिहिलं जातं. सेन्सॉरला चकवायला खुणेचे शब्द येतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं घरी कळवायचं, म्हणजे घरच्यांनी काय ते समजून घ्यायचं. धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नका, असा निरोप जायचा.

पण सगळ्यात जास्त तक्रार होती ती वेगळीच. जखमी होऊन बरा झालेल्या शिपायाला पुन्हा खंदकात का पाठवता? खाल्ल्या मिठाला जागायचं ठीक, पण एकदा रक्त सांडलं म्हणजे मीठ फिटलं, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब काही भित्र्याचा नाही. शेतकऱ्याचा आहे, सावकाराशी वागून शिकलेला. कर्ज एकदा फेडलं की पावती मिळाली पाहिजे. या नव्या युद्धात मात्र पावती मिळत नव्हती. माणूस दुरुस्त करायचा आणि पुन्हा वापरायचा.

पुढे जे घोडदळवाले १९१८ पर्यंत फ्रान्सला राहिले त्यांच्या पत्रांत आणखी एक वळण दिसतं. ज्यांच्या घरी उतरले त्या फ्रेंच म्हाताऱ्यांना ते आई म्हणतात, तिथली शेती न्याहाळतात, आणि घरी लिहितात की मुलींना शाळेत घाला. म्हणजे युद्धाने माणूस नुसता मोडला असं नाही, त्याचे डोळेही उघडले.

आणि कुटमधले मराठे? वेढ्याच्या जवळजवळ पाच महिन्यांत टपालाची ये-जा बंद. पुढे कैद. ज्या काळात त्यांच्या मनात सगळ्यात मोठी उलथापालथ झाली असणार, नेमक्या त्याच काळातली पत्रं नाहीत. योगायोग असा की १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हिंदी पायदळ हलवून मेसोपोटेमियात पाठवलं, आणि कुटच्या सुटकेसाठी जी फौज धडका देत होती तिच्यात हीच माणसं होती. ज्यांचा आवाज कागदावर उरलाय ते, ज्यांचा उरला नाही त्यांना सोडवायला काही मैलांवर येऊन थांबले. मध्ये तैग्रिसचा पूर, चिखल आणि तुर्कांचे खंदक. सुटकेच्या त्या प्रयत्नांत वीस हजारांहून जास्त माणसं पडली, वेढ्यात होती त्यापेक्षाही जास्त.

बंगाल्यांचं नशीब जरा बरं. कुटला कैद झालेले डॉक्टर कल्याण मुखर्जी यांची घरी आलेली पत्रं त्यांच्या आजीने 'कल्याण-प्रदीप' या पुस्तकात १९२८ साली छापली. सुरुवातीला सरकारशी निष्ठा असलेला हा माणूस पुढे देशाभिमान आणि साम्राज्य यांनाच या रक्तपाताचा दोष देऊ लागतो. १९१७ मध्ये रास-अल-ऐनला कैदेतच ते वारले. दुसरे शिशिर सर्वाधिकारी. त्यांनी कैदेत डायरी लिहिली, तिची पानं फाडून बुटात लपवून आणली आणि १९५८ साली पुस्तक काढलं. पण हे दोघेही शिकलेले. आपला शिपाई दुसऱ्याकडून पत्र लिहून घेणारा. तो परत आला असेल तर जे सांगायचं ते चुलीपाशी सांगितलं असेल, किंवा सांगितलंच नसेल.

मग आपल्याकडे उरलं काय? आकडे. सातारा आणि कोकणातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत इंग्रज सरकारने बसवलेली लहानशी पाटी असते. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यातले इतके कामी आले. दोनच आकडे, नाव एकही नाही. तिकडे बसऱ्याला १९२९ साली चाळीस हजारांहून जास्त मृतांचं भव्य स्मारक उभं राहिलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. फ्रान्सला न्यू शापेलच्या स्मारकावर हिंदी सैनिकांची साडेचार हजारांहून जास्त नावं आहेत. जो युरोपात मेला त्याचं नाव राहिलं, जो इराकात मेला तो संख्या झाला. २०२१ साली या युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

एक धागा पुढे नेतो. कुटला कैद झालेली ११० वी पलटण १९२२ च्या फेररचनेत मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. दुसऱ्या महायुद्धात ती इटलीत होती. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. एकट्याने धावत जाऊन त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, म्हणजे आपल्या घाटाखालचे. वय २२. २०२३ साली इटलीत मोंतोने इथे त्यांच्या नावाने स्मारकही झालं. ही पोवाड्यात बसणारी गोष्ट आहे, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. पण आपल्याला माहीत आहेत ती त्यांच्या आयुष्यातली शेवटची काही मिनिटं. त्याआधीच्या खंदकातल्या रात्री, आणि आजूबाजूला पडलेल्या त्यांच्या सोबत्यांच्या मनातलं काहीही आपल्यापाशी नाही.

आता हे सगळं आज का उगाळतोय? माझा एक भाचा मेढ्याकडे भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला रस्त्यावर धावणारी अशी पोरं आपल्या भागात गावोगाव दिसतात. २०२२ पासून अग्निपथची चार वर्षांची भरती आली, तरी धावणं काही थांबलेलं नाही. मागच्या दिवाळीत त्याने अंगणात हळूच विचारलं, "मामा, लढाईत भ्या वाटत आसंल का वो?" घरात मोठ्या माणसांची गर्दी होती म्हणून असेल, पण विचारताना तो इकडेतिकडे बघत होता. जणू हा प्रश्न विचारणंच कमीपणाचं. त्याला मी घोड्याच्या मांसाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ही कुणी सांगतच न्हाई."

प्रतापगडची गोष्ट सांगू नये असं मी मुळीच म्हणत नाही. ती सांगावीच, आणि मी अजूनही पाहुण्यांना घेऊन जातो. पण ती ऐकून गेलेल्या पोरांनी पुढे जे पाहिलं, तेही त्याच गडाच्या पायथ्याशी सांगायला हवं. भीती वाटणं, मिठाचा हिशेब मागणं, धाकट्याला येऊ नको म्हणणं, उपाशी राहणं आणि शेवटी तो घास घेणं, हा सगळा आपल्याच माणसांचा इतिहास आहे. तो वगळून उरलेलाच जर आपण भरतीला निघालेल्या पोराच्या हातात देत असू, तर त्याला अर्धंच सांगून पाठवतोय.

असो. नातेवाईक मंडळींपैकी कोणाच्या घरी जुनं डिस्चार्ज बुक, मेडल, मनीऑर्डरची पावती, एखादं कार्ड असेल तर कृपया रद्दीत किंवा भंगारात घालू नका. आणि आपापल्या गावच्या चावडीवर ती पाटी आहे का, ते एकदा बघून या. असेल तर त्या दोन आकड्यांमागची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. एक जरी नाव मिळालं तरी कुठेतरी लिहून ठेवा.